अंदाजे वजन

मोंढ्यात तेवीस वर्षं पाठीवर कट्टे वाहिले.
तूर, हरभरा, सोयाबीन.
काटा बोलायच्या आधी माझी पाठ बोलायची:
एकोणसाठ किलो, पावशेर इकडं-तिकडं.
मग मणका सरकला
आणि मेहुण्याच्या ओळखीनं मी आलो
लातूरच्या या दवाखान्यात, तिसऱ्या मजल्यावर,
जिथं चपला बाहेर काढायच्या, आणि आवाजही.

वजन सांगणारी एकच खाट इथं,
तिचा आकडा गेल्या पोळ्यापासून बंद.
पेशंट बेशुद्ध, नळीवर. काट्यावर उभा कोण करणार?
दैवशाला सिस्टर विचारतात, गुंडूमामा, किती?
मी एक हात मानेखाली घालतो, एक कमरेखाली,
जरासं उचलतो
आणि सांगतो.
औषध निघतं किलोमागं.
कागदावर त्या लिहितात: अंदाजे.

श्वास मात्र वजनावर देत नाहीत.
कुलथे मॅडमनी टेप काढली,
टाचेपासून टाळूपर्यंत धरली, म्हणाल्या,
माणूस सुटला तरी फुप्फुसं सुटत नाहीत,
ती उंचीच्याच मापाची राहतात.
त्या रात्री मशीनकडं बघत बसलो.
म्हणजे आतून सगळे बारीकच.

चार नंबरला मदिनाबी, औशाच्या. एकशे अठरा.
दर दोन तासाला कुशीवर वळवायला पाच जण,
कमी पडलं तर वॉचमनला हाक.
जिन्यात तिचीच जाऊ म्हणत होती,
एवढं अंग, ही काय निघते यातून.

पाच नंबरला व्यंकट, रेणापूरकडचा, पोरगेला मास्तर.
एक्केचाळीस.
त्याला मी एकटा वळवायचो, मणक्याला कळायचंही नाही.
हलका माल, मनात म्हणालो,
लवकर उतरेल.

चौथ्या दिवशी व्यंकट भरला.
गाल वर आले, अंगठी बोटात रुतली,
सिस्टरनी ती साबण लावून काढली.
काचेपलीकडून त्याची आई म्हणाली,
तब्येत धरली बघा मामा, लेकरानं.

मी हात घातला. एकोणपन्नास.

मोंढ्यात सोयाबीन दाताखाली धरून बघतात.
सुकला दाणा कट्ट वाजतो, ओला नुसता चेपतो.
ओलाव्याचं वजन व्यापारी कापून घेतो,
कितीही गयावया करा.
मी व्यंकटच्या नडगीवर अंगठा दाबला.
खळगा पडला
आणि तसाच राहिला.
आईला म्हणालो, हो.

अकराव्या दिवशी पाच नंबर रिकामा झाला.
खाली नेताना कुणी विचारलं नाही, किती.
पाठीनं सांगितलं तरी.

मदिनाबीची नळी एकविसाव्या दिवशी निघाली.
दंड ओघळलेले,
मांडीचं कातडं मोकळ्या कट्ट्यासारखं.
पहिला शब्द घोगरा: चहा.

मॅडमना विचारलं, हे असं कसं?
म्हणाल्या, अंगात साठा असला
तर कधी कधी उपाशी दिवस निघून जातात.
अभ्यासातही असं दिसतं, पण का,
ते नीट कुणाला सांगता येत नाही.
आणि जाड माणसंही जातात गुंडूमामा, खूप जातात.
मग बराच वेळ चष्मा पुसत राहिल्या,
पुसलेलाच.

जायच्या दिवशी चाकाच्या खुर्चीत बसवायला तिघं पुरलो.
लिफ्टमध्ये मदिनाबी म्हणाली, भाऊ,
शेजारी एक मशीन होतं ना,
माझ्या मशीनच्या मागं मागं चालायचं.
झोपेत ऐकू यायचं मला.
ते पोरगं कसंय?

मी समोरची पाटी वाचत होतो.
सहा माणसं, चारशे आठ किलो.
म्हणजे माणशी अडुसष्ट.

असा माणूस
मी अजून उचललेला नाही.