केवडा, चारशे पट

मोहाडीच्या बागेतून आलेलं पान
पिशवीतच घामेजलं होतं.
पालथं केलं तर पांढरी लव.
ऑक्टोबर छाटणीनंतर धुकं पडलं की
अख्ख्या दिंडोरी तालुक्याच्या तोंडी हाच शब्द: केवडा.
कुणी ठेवलं असेल हे नाव?
वास तर ओल्या गोणपाटाचा.

गंगापूर रोड, दुसरा मजला, आमची प्रयोगशाळा.
कॅमेऱ्याला आधी शिकवावं लागतं
पांढरं म्हणजे काय ते.
रिकामी काच, दिवा, एक बटण.
मग फ्रिजमधल्या पाण्याचा थेंब, त्यात चिमूटभर लव,
वरची पातळ काच सुईवरून हळूच निजवायची
आणि तासभर थांबायचं.

बोरस्ते सर थांबत ते नळीला डोळा लावून.
उजवा डोळा आत, डावा कागदावर,
दोन्ही उघडे,
आणि पेन्सिल मधल्या मध्ये काहीतरी ठरवत असायची.
त्यांची चित्रं अजून कपाटात आहेत.
एकातही धूळ नाही.
धूळ होती. त्यांनी ती पाहिली
आणि काढली नाही.

ते रिटायर झाले, आणि तिसऱ्या नळीवर
काडेपेटीएवढा कॅमेरा बसला. भिंतीवर पडदा.
आता मान दुखत नाही. मोजणी संगणक करतो,
मी आकडा उतरवते.
दोनशे बारा फोटो झाले.

आज पिशव्या फुटल्या तेव्हा
कौतिकाबाई गांगुर्डे फरशी पुसत होत्या.
पडद्यावर लिंबाएवढी एकेक पिशवी,
टोकाशी भोक, आणि भोकातून
दाटीवाटीनं पोरं बाहेर,
दोन-दोन शेपट्यांची, गिरक्या घेत, एकमेकांवर आपटत,
थेंबभर पाण्यात नुसती पळापळ.

फडकं बादलीवर टाकून त्या उभ्याच राहिल्या.
"एकोणीस वर्षं ह्या काचा धुतेय मी," म्हणाल्या,
"ह्यात असं असतं?"
मी नाव सांगितलं.
"केवडा? असला?"
मी गप्प.
स्टूल पुढे सरकवून, या, डोळा लावा,
इतकं म्हणायचं एवढ्या वर्षांत
कुणालाच सुचलं नव्हतं. मलाही.

बराच वेळ बघून त्यांनी बोट उचललं.
"ह्यो एक मात्र हलत नाही."
वरच्या डाव्या कोपऱ्यात, काळसर, लिंबासारखाच.
मी काच सरकवली. सगळं सरकलं.
तो तिथंच.
कालचे फोटो उघडले, दिवाळीआधीचे उघडले.
तिथंच.
दोनशे बाराही वेळा यंत्रानं त्याला मोजलं
आणि मी निमूट उतरवलं,
एक जास्त, एक जास्त.

कॅमेरा काढून उलटा धरला.
आत निळसर चौकोन, करंगळीच्या नखाएवढा,
त्यावर धुळीचा कण.
मी ओठ पुढे केले तोच त्यांनी मनगट धरलं.
"फुंकर नका मारू मॅडम, थुंकी उडते.
सरांचा रबरी फुगा
खालच्या खणात आहे."