दिगंबरकाकांच्या रेघा

एमवायच्या तिसऱ्या मजल्यावर
ती मुलगी माझी वंशावळ काढते.
पुरुष चौकोन, बाई गोल,
आतड्याचा आजार असेल तर आत काळी शाई.
मी एकटीच काळी.

"मूळ गाव?"
इंदूर.
"त्याआधीचं?"
त्याआधी कोणीतरी होळकरांच्या फौजेमागून आलं
हिशेब लिहायला.
कुलदैवत पाठ आहे, गाव नाही.
ती "माहीत नाही"वर खूण करते.

देशभरातून पाच हजार कुप्या जमवायच्यात म्हणे.
तिकडच्या पुस्तकांत गुन्हेगार ठरलेलं अक्षर
आपल्यात फारसं सापडतच नाही,
आपलं काही वेगळंच असणार.
मी हात पुढे करते.
शीर पहिल्या खेपेला मिळत नाही.

"काका, आत्या, कोणाला पोटाचा त्रास?"
नाही म्हणता म्हणता दिगंबरकाका आठवले.
मालवा मिलचे टाइमकीपर,
पंगतीला कधी न बसलेले,
सराफ्यात रात्री कधी न गेलेले इंदूरकर.
पोह्यांवर जीरावण नको म्हणायचे
तर टपरीवाला हसायचा,
"भिया, फिर खाते काहे को हो?"

त्यांच्या डायऱ्या आईने जपल्यात.
तारीख, आणि खाली नुसत्या रेघा,
चार उभ्या, पाचवी आडवी.
आई म्हणायची, भावजी जप मोजतात.
दर दसऱ्याला त्या डायऱ्या पाटावर, हळदकुंकू.
साध्या दिवशी सहा.
आत्याच्या लग्नात एकोणीस.
मिलला टाळं लागलं त्या दिवशी
रेघा समासात गेल्यात.

माझ्या फोनमध्ये तसंच एक पान आहे.
काल नऊ. परवा अकरा, दोनदा रक्त.
ते बघताना मला कधी देव आठवला नव्हता.

मी म्हणते, अजून एक चौकोन भरा.
"रिपोर्ट आहे त्यांचा?"
रेघा आहेत.
ती पेन उचलून थांबते,
मग अर्धाच भरते.

माझ्या गोलातून एक रेघ खाली उतरते
कोऱ्या चौकोनाकडे. अद्वय, सतरा.
"जोखीम आहे ताई, भविष्य नाही,"
ती म्हणते, आणि टोपण लावते.

खाली तो गाडीपाशी कचोरी खातोय,
ओठांच्या कडेला लाल चटणी.
"तिखट आहे?"
"मस्त आहे," म्हणतो,
आणि माझा चेहरा बघून
उरलेली कागदात गुंडाळायला लागतो.
खा, म्हटलं. खा रे.

आईला अजून सांगितलं नाही.
दसरा आठ दिवसांवर आलाय,
कालच तिने विचारलं,
पाट कुठे ठेवलास गं?
माळ्यावर, म्हटलं. काढून देते.