खोली क्रमांक तीन

चित्राला नाव नाही. नुसतं करडं,
मधून एकच रेघ.
डेन्झिलच्या खुर्चीमागे खिडकी, खिडकीत कॉर्नवॉलचा समुद्र;
लोक त्याला पाठ करून
चित्राकडे बघतात.

"रेघ तिरकी आहे," महिनाभर म्हणतोय तो.
काल क्युरेटरबाई पाणसळ घेऊन आल्या.
बुडबुडा बरोब्बर मधोमध.
"मग जमीन तिरकी," डेन्झिल म्हणाला.

त्या हसल्या.
त्यांना ठाऊक नसावं,
इथे आधी मासे खारवायचे
आणि खाऱ्या पाण्याला वाट हवी म्हणून
हा उतार त्याच्या बापाने
गुडघ्यांवर बसून काढला.

आज बंद व्हायच्या वेळी
कुणा पोरीच्या हातून गोटी निसटली,
चित्राखालून, बाकाखालून
समुद्राकडे निघाली.

डेन्झिलने पाय वर घेतले.
जाऊ दिली.