बॉयलरचा नंबर

दर महिन्याच्या पहिल्या रविवारी
अशोक चौकातल्या गाळ्याचं शटर अर्धं ओढून
मी खडूनं यादी लिहायचो.
सगळ्यांत वर चाकूवाली,
मग वाऱ्यावर चालणारा तो भिक्षू,
मग दोन शेपट्यांची मांजर, जिला कुणी शिवू शकत नाही.
मग मधली गर्दी, जिच्यावरून भांडणं व्हायची.
आणि तळाला एक रेघ ओढून
रेघेच्याही खाली:
बॉयलर.

त्याचं खरं नाव पडद्यावर जपानी अक्षरांत यायचं,
आमच्यातल्या कुणाला वाचता आलं नाही.
लोखंडी पोट, गुडघ्यापर्यंत हात,
पाऊल टाकलं की चित्रातली फरशी हलायची.
लक्ष्मीपती म्हणाला, हा तर बंद मिलचा बॉयलर बे.
झालं बारसं.

त्याच्याविरुद्धचा पुरावा माझ्या वहीत होता,
पुण्याहून आणलेल्या झेरॉक्सवरून उतरवलेला.
साधा ठोसा: अठ्ठावीस फ्रेम.
सेकंदाचे साठ तुकडे करा, त्यातले अठ्ठावीस.
तेवढ्यात चाकूवालीचे चार वार होतात
आणि केस मागे सारूनही होतात.
ह्याची उडी म्हणजे गच्चीवर पाण्याची टाकी चढवणं.
वळ म्हटलं तर आधी विचार करणार.
अंग एवढं की नेम चुकवणंच अवघड.
जमेला एकच गोष्ट: लागला, तर समोरच्याचं अर्धं रक्त जातं.
पण 'तर'ला आमच्या यादीत रकाना नव्हता.

पद्मजा गड्डम फक्त त्यालाच घ्यायची.
विडी घरकुलातून सायकलवर यायची,
बोटांच्या टोकांना तंबाखूचा पिवळा,
आईच्या हजार विड्यांतल्या तीनशे हिच्या.
"दुसरा घे की, काय करलालीस बे," पोरं म्हणायची.
"ह्याला थांबता येतं," एवढंच म्हणायची ती.
आणि तिसऱ्या फेरीत हरायची. दर महिन्याला.
मी फळा पुसताना त्याचं नाव पुसायचोच नाही,
परत तिथंच तर लिहायचं.

एप्रिलात, त्रेचाळीस डिग्रीत,
ती चौथ्या फेरीत पोचली.
समोर इरेश कोनापुरे. चाकूवाली. तीन महिने न हरलेला.
बॉयलरकडं नखाएवढं रक्त उरलेलं,
इरेशकडं अर्ध्याला थोडं कमी.
इरेश आत, बाहेर, आत, बाहेर,
मागावरच्या धोट्यासारखा.
पद्मजा काहीच करत नव्हती.
शेजारच्या लूमचा खडखडाट भिंतीतून येत होता
आणि माझी खात्री आहे, ती त्यावर मोजत होती.
मग, समोर कुणी नसताना,
मोकळ्या जागेवर
तिनं बटण दाबलं.
खांदा निघाला. कोपर निघालं.
मग ती घणाएवढी मूठ,
आणि चाकूवाली वाकून नेमकी त्याच जागेकडं

लाईट गेली.

लूमही थांबले.
त्या गल्लीत इतकी शांतता मी पहिल्यांदाच ऐकली.
अंधारात कुणीतरी "बसला!" म्हणालं,
कुणीतरी "कुठं बसला, वाटेत होता,"
आणि पुढचे दोन तास आम्ही घाम पुसत
त्या एका ठोशावर वाद घातला.
कितवी फ्रेम? विसावी? पंचविसावी?
पद्मजा पायरीवर बसून लिंबाचा गारेगार खात होती,
तिला कुणी विचारलं नाही.

लाईट आल्यावर मशीननं सगळं विसरून
नवीन कॉइन मागितला.
पुन्हा खेळले. ती हरली.

रात्री यादी लिहिली.
बॉयलर तळाला. नियम तो नियम.
फक्त त्याच्या वरची ती रेघ
ह्या वेळी ओढली नाही.
कुणाच्या लक्षात आलं नाही बहुतेक.

गाळ्यात आता टॉवेलचं होलसेल आहे.
परवा मंगळवार पेठेत इरेश भेटला,
पोट सुटलेलं, हातात मुलीचं दप्तर.
अठरा वर्षं झाली, मी काही विचारलंही नव्हतं,
चहाचा कप खाली ठेवत म्हणाला,
"मी अडवला असता बे."