ठसा

बेळगुंदीच्या सेवा केंद्रात
चौथ्यांदा अंगठा ठेवलो, मशीन म्हणालं, परत ठेवा.
कन्नडात म्हणालं. एवढं कन्नड मला येतंय.
पोरगा म्हणाला, अक्का, केसावरनं फिरवा की जरा,
तेल लागलं की घेतंय.
फिरवलो. घेईना.
काजूच्या टरफलाचं तेल सोळा वर्षं
ह्याच अंगठ्यावरनं गेलंय,
जाताना रेघा घेऊन गेलंय.
शेवटी चालली डाव्या हाताची करंगळी.
तेवढ्याशा बोटानं मी नर्सिंगचा अर्ज केलो.

मग नावं दोन निघाली.
शाळेच्या दाखल्यावर गुरुजी मालन लिहिले होते,
रेशनकार्डावर कोण तरी मल्लव्वा.
आई आम्हाला दोन्ही हाकांना ओ द्यायला शिकवली होती,
तिला काय माहीत पुढं हे असं होईल.
कोर्टाजवळचा वकील लिहून दिला
की सदर दोघी एकच बाई आहेत.
बसमध्ये तो कागद मी तीनदा वाचलो.

वय तेहतीस. पस्तिशीपर्यंत चालतंय.
कारखान्यात मुकादमीण म्हणाली,
पोरीएवढ्या पोरींत जाऊन बसणार काय ग तू?
म्हणालो, बसायचं काय घेऊन बसलीस,
सोळा वर्षं बसूनच काढलो की इथं.
नवरा काहीच बोलला नाही.
दुसऱ्या दिवशी पहाटे उठून
सहाची बस कुठं थांबतीय ते बघून आला.

गणपत गल्लीत पांढरे बूट बघताना
दुकानदार विचारला, पोरीला काय?
मी चप्पल काढून पाय पुढं केलो.

पुस्तक इंग्लिशात. मॅडम कन्नडात बोलतात.
झोपेत मी धडा म्हणतो म्हणे,
तो कुठल्या भाषेत म्हणतो
ते एकदा पोरीला विचारायला पाहिजे.

नाडी बघायला शिकवल्या.
तीन बोटं ठेवायची. अंगठा ठेवायचा नाही,
अंगठ्याला स्वतःची नाडी असती,
आपलीच मोजून बसतो माणूस.
सगळ्या लिहून घेतल्या.
मी तशीच बसलो, अंगठ्याकडं बघत.
मशीनला जो दिसला नाही,
त्याच्या आत कोण तरी चालतंय एवढ्या दिवस.

बोटं पण जाड झाल्यात.
चिकोडीच्या सहनाच्या मनगटावर
कितीदा दाबलो, काही लागेना.
ना सत्तेनेन अक्का, म्हणाली ती,
मेल्ये काय मी, आणि हसत सुटली,
आणि ती हसल्यावर लागली.
ब्याऐंशी.

वॉर्डात पहिल्या आठवड्यात
चादरी बदलणे आणि गप्प राहणे एवढंच काम.
सात नंबरची म्हातारी, बैलहोंगलकडची,
माझा पदर नव्हता म्हणून बाही धरली.
एदी उरितैत्री, म्हणाली.
इंग्लिश शब्द कालच पाठ केलो होतो, तो आला नाही.
उरी मात्र माहीत होती.
भट्टीवर तेल उडालं की
मराठी असो कन्नड असो,
सगळ्या बायका उरीच म्हणायच्या,
आणि हात पाण्यात घालायच्या नाहीत,
कारण पाण्यानं ते जात नाही.
छातीत उरतंय म्हणत्यात,
मी सिस्टरांना पळत जाऊन सांगितलो.
वॉर्डात पळायचं नसतं, त्यासाठी बोलणी खाल्लो.
पण त्या आधी उठल्या, मग बोलल्या.

मशीन आणलं, छातीला वायरी लावल्या.
कागद आला. सही येत नाही, अंगठा पाहिजे.
शाई लावलो, दाबलो,
कागदावर नुसता काळा डाग.
काय काम करत होता आजी, विचारलो.
ती हात उलटा करून दाखवली,
त्यात सगळंच होतं.

तिचा अंगठा पुसून घेतलो,
तिच्या केसावरनं फिरवलो,
तिचे केस कोरडे, चार दिवसांचे आजारी.
मग माझ्या भांगावरनं फिरवलो.
सकाळीच तेल लावून आलो होतो.

अर्धाच उठला.
सिस्टर बघितल्या, चालतंय म्हणाल्या.