हजारात पाच

सेवरिना रॉड्रिक्सनं प्रॅक्टिकलला शिरका आणला,
घरीच माडी आंबवून केलेला,
खोकल्याच्या औषधाच्या बाटलीत.
वेंगुर्ल्याच्या आमच्या कॉलेजातलं अ‍ॅसिड संपलं होतं
आणि माल यायचा तो सोमवारी.

आधी मीठ घेतलं. शिरोड्याच्या आगरातलं, जाडं.
पाण्यात पडलं तसं सगळंच्या सगळं फुटलं,
बल्ब लखलखला, पोरं ओरडली.
मग शिरका.
तार लालसर झाली, बस्स,
तेवढं दिसायलाही खिडक्या लावून घ्याव्या लागल्या.

"मॅडम, माजो शिरको फुसको."
वर्षभरात तिचं मी ऐकलेलं हे पहिलं वाक्य.

फुसका कसला गं.
हजारातले पाच फुटतात, बाकीचे अखंड राहतात.
आणि ते पाच रोजचे ठरलेले नाहीत.
आत्ता सुटलेला पुढच्या क्षणी परततो,
तोवर दुसरीकडे कुणी दार उघडलेलं असतं.
वरून पाहावं तर बाटली निवांत.
फळ्यावर मी दोन अर्धे बाण काढले,
एक जाणारा, एक येणारा,
खडू मधेच मोडला.

पाणी घातलं, दहापट. आता हजारात सोळा.
शंभरपट केलं तर पन्नास.
गर्दी विरळ होते तसे ते उलगडत जातात,
असं मी सांगत होते
आणि बल्ब विझत चालला होता.
मूठभरच उरले होते ना पाण्यात, कितीही उलगडले तरी.
वर्गाला वाटलं, मॅडमचं काहीतरी चुकलं.

शेवटी सोडियम अ‍ॅसिटेट, चमचाभर.
शिरक्याचंच अर्धं अंग घेऊन आलेलं, घरचंच म्हणायचं.
उजेड पडला. टाळ्या.
पण तो उजेड आल्यागेल्याचा;
शिरका आत मिटून बसला होता,
हजारात एकही धड बाहेर नव्हता.

पालकसभेला तिचा काका आला, फिदेल,
बंदरावर मासळीचा लिलाव पुकारणारा.
अर्धा तास बोलला, हॉल हसून हसून लाल.
ती शेजारी. रुमालाची घडी, घडीची घडी.

मार्चमधे एकदा भेटली, ओहोटीला, खाडीच्या तोंडाशी.
चिटपाखरू नव्हतं.
न विचारता सांगू लागली:
बाबा बोटीवरून परत आले नाहीत
त्या वर्षी आंबवण नासलं.
आईनं कुशेकरांकडून शिरक्यावरचा पापुद्रा मागून आणला,
बशीत, ओल्या फडक्याखाली.
तो अजून जिवंत आहे.
रात्री ती बरणीला कान लावते.
ऐकू काही येत नाही, तरी लावते.

एवढ्या आवाजावर कुठलाही बल्ब पेटला नसता.
मी मधे बोलले नाही.

पुलावर काकाची स्कूटर वाजली.
अर्धं राहिलेलं वाक्य तिनं आत घेतलं,
चप्पल झटकली,
आणि वर पाहिलं
ते उरलेलं कधी सांगायचं, याचा हिशेब करत असल्यासारखं.