द्राक्षांचा वास

थाळी उघडली की आधी वास येतो.
हुंगायचं नसतं, सर म्हणतात, नियम आहे.
पण नाकाला कोण सांगणार?
मी तासगावची. घड उतरायच्या दिवसांत
आमच्या दप्तरांनाही हाच वास असायचा,
पिकून किंचित पुढे गेलेल्या मण्यांचा.

इथे तो हिरवट-निळ्या सायीतून उठतो,
मिरजेत, तळघरातल्या लॅबमध्ये, सव्वाआठला,
आणि झाकणावर माझंच अक्षर:
खाट चार. श्वासनळीतला स्राव. वय चौऱ्याहत्तर.

माणसं मी पाहत नाही. वयं पाहते.
चौऱ्याहत्तर: मेंदूत रक्तस्राव, व्हेंटिलेटरचा अकरावा दिवस.
एकोणीस: अंकलीच्या पुलाअलीकडे मोटरसायकल, नववा.
सात: भुईवर झोपलेली, मण्यार डसली, सहावा.
विष उतरत आलं होतं म्हणे,
पापण्या उचलायला लागली होती पोरगी,
तेवढ्यात ताप भरला.

जी नळी श्वास देते तिच्याच कडेनं हा उतरतो.
चोरवाट कसली,
आपणच लावून दिलेला जिना.
आत गेल्यावर जन्मसाल विचारत नाही.

टिकलीएवढ्या औषधाच्या चकत्या मांडते मी.
रात्र ऊबेत जाते.
सकाळी मोजपट्टी घेऊन मोजायचं
चकतीभोवती काही न उगवलेलं रान.
दादांना सांगितलं तर हसले,
म्हणजे पडीक जमिनीवर खूश होतेस तू!
हो. सव्वीस मिलिमीटर पडीक, सातच्या थाळीत.
एकोणीसच्या, बावीस.
चौऱ्याहत्तरच्या थाळीत
चकत्यांना चिकटून दाट पीक.

वर फोन लावला. सिस्टर एस्तेर.
मी आपली क्रमानं, खाट चार...
चारचं राहू दे, ती म्हणाली. पहाटेच.
मग तिनंच नाव सांगितलं, मी विचारलं नव्हतं:
हुसेन बागवान. मार्केटात फळांचा गाडा होता.

त्यांची थाळी तासभर तशीच टेबलावर.
तिला कोणी कळवलं नव्हतं,
ती वाढतच होती.

घरून पेटी आलीय, माणिक चमन.
लॅबमधल्यांनी संपवली. मी
हात धुतले, पुन्हा धुतले,
मग म्हटलं, उपास आहे.

सोमवारी सातची नळी काढली.
बोलली का काही? मी विचारलं.
बोलतेय कुठली, एस्तेर म्हणाली,
खोकली.
अगं, काय खोकली!